सापडलं ते हातात राहील का?

या महिन्याच्या टपालात लिनक्स कर्नलमधल्या लॉकांचाच, म्हणजे अनेक कोअर एकाच मेमरीत हात घालतात तेव्हा लावायच्या कुलपांचा, बाजार भरलाय. कुणाला स्पिनलॉक (मिळेपर्यंत जागेवरच फिरत राहायचं) हवा, कुणाला आरसीयू (रीड-कॉपी-अपडेट, वाचणाऱ्याला कुलूपच नाही), कुणाला दोन्ही नकोत. चार पत्रं निवडली आहेत. पहिल्याला जास्त जागा गेली, कारण बाकीच्या तिघांचं दुखणंही थोडंफार तेच आहे.

प्रश्न: ताई, नमस्कार. मी मकरपुऱ्याच्या औद्योगिक वसाहतीत गेटवे बॉक्सवर काम करतो. आमचं एक कर्नल मॉड्यूल आहे, नेटफिल्टरच्या (कर्नलमधली पॅकेटांची चाळणी) प्रीराउटिंग हुकवर, म्हणजे पॅकेट आत आल्या आल्याच्या थांब्यावर, बसणारं. येणाऱ्या प्रत्येक पॅकेटचा सोर्स पत्ता हॅश टेबलात शोधायचा, ग्राहकाची नोंद सापडली तर त्याची मर्यादा बघायची, नाही सापडली तर पॅकेट टाकून द्यायचं. शोधणारं फंक्शन स्पिनलॉक घेतं, नोंद शोधतं, लॉक सोडतं आणि पॉइंटर परत देतं. टीममधले एक जण म्हणतात, वाचणारेच जास्त आहेत, तर रीड-राइट लॉक लाव. दुसरे म्हणतात, नेटवर्किंगमध्ये आरसीयूशिवाय कुणी बोलत नाही. टेबलात चाळीसेक नोंदी, लाइन शंभर मेगाबिटची. काय निवडू? (एक वाचक, वडोदरा)

उत्तर: तिन्ही लॉकांची नावं तुम्ही नीट लिहिलीत, पण गोम आहे ती जाता जाता लिहिलेल्या अर्ध्या वाक्यात: ‘लॉक सोडतं आणि पॉइंटर परत देतं’. मी तिथेच पत्र खाली ठेवलं आणि चहा टाकायला उठले. लॉक सुटला त्या क्षणापासून त्या पॉइंटरला कुणी वाली नाही. दुसऱ्या कोअरवर तुमचा कॉन्फिग बदलणारा प्रोग्राम तीच नोंद टेबलातून काढून, केफ्री करून, म्हणजे तिची मेमरी सोडून देऊन, मोकळा होईल आणि तुमचं पॅकेट सोडून दिलेल्या मेमरीत मर्यादा वाचत बसेल. स्पिनलॉक ठेवा, रीड-राइट लॉक ठेवा, ही ओळ तशीच राहिली तर काही फरक पडणार नाही. लॉक राखतो टेबलाला. टेबलातून उचलून जे बाहेर आणलं, त्याची राखण कोण करणार हे तुम्ही ठरवलेलंच नाही.

हे मला पहिल्यांदा उमगलं ते कर्नलमुळे नाही. लहानपणी आजोबा मला मांडवीजवळच्या सेंट्रल लायब्ररीत न्यायचे. सयाजीरावांनी १९१० मध्ये बॉर्डन नावाचे ग्रंथपाल अमेरिकेहून आणवले आणि बडोदे संस्थानात वाचनालयांचं जाळं विणलं, त्यातली ही थोरली. आत पुस्तकांच्या लोखंडी मांडण्या आणि पायाखाली काचेच्या फरश्या. खालच्या मजल्यावरच्या माणसाची सावली पायाखालून सरकायची आणि मी आजोबांचा हात घट्ट धरायची. आजोबा कार्डांच्या खणापाशी उभे राहून क्रमांक शोधायचे, चिठ्ठीवर उतरवून घ्यायचे आणि मग मांडणीकडे निघायचे. एकदा क्रमांक बरोबर, मांडणी बरोबर, आणि जागा रिकामी. पुस्तक त्याच सकाळी रद्दीत काढलं होतं. आजोबा चिडले. कारकून म्हणाला, ‘काका, कार्ड तर मी आधीच काढलं.’ दोघंही खरं बोलत होते. आजोबांनी कार्ड वाचलं ते काढण्याच्या जेमतेम आधी.

आता त्या कारकुनाला एक शिस्त लावा. आधी कार्ड काढायचं. मग, त्या घटकेला जे कुणी मांडण्यांमध्ये आहेत ते सगळे एकदा बाहेर पडेपर्यंत थांबायचं. नंतर आत आलेल्यांची चिंता नको, त्यांना कार्डच दिसणार नाही. जुने सगळे गेले की पुस्तक रद्दीत. आरसीयू म्हणजे एवढंच. आत येताना आरसीयू_रीड_लॉक, बाहेर पडताना आरसीयू_रीड_अनलॉक, आणि रद्दीवाल्याने लगेच केफ्री न करता केफ्री_आरसीयू करायचं. उपमा एका ठिकाणी लंगडते, ते सांगायला हवं: कर्नल दाराशी बसून माणसं मोजत नाही. ज्या कर्नलमध्ये प्रीएम्प्शन (कर्नलचं चालू काम मध्येच थांबवून दुसरं सुरू करणं) बंद आहे तिथे आरसीयू_रीड_लॉक जवळजवळ काहीच करत नाही. प्रत्येक सीपीयू एकदा तरी दुसऱ्या कामाकडे वळला की त्याच्यावरचे जुने वाचणारे संपले, असा हिशेब. म्हणूनच वाचणाऱ्याला खर्च पडत नाही आणि वाट बघण्याचा भार सगळा काढणाऱ्यावर येतो. २००२ मध्ये २.५ मालिकेत हे लिनक्समध्ये आलं, आणि नेटवर्किंगवाल्यांनी ते असं उचललं की आज राउटिंग टेबलापासून टीसीपीच्या सॉकेटपर्यंत जिथे तिथे तेच.

आता तुमच्या टीममधल्या दोघांकडे वळू. रीड-राइट लॉकवाले चुकताहेत, आणि ही चूक फार जुनी आहे. ‘वाचणारे जास्त’ हे ऐकायला बरोबर वाटतं. पण रीड लॉक घेणारासुद्धा लॉकच्या शब्दात लिहितोच, आत किती जण आहेत ते मोजायला. चार कोअरवर चार पॅकेटं आली की ती एक कॅशलाइन (कोअरच्या जवळच्या मेमरीतला छोटा तुकडा) चौघांत हिसकाहिसकी होत फिरते. वाचतोय म्हणून काही स्वस्त पडत नाही. कर्नलच्या स्वतःच्या दस्तऐवजातच लिहिलंय की वाचण्याचं काम लांबलचक नसेल तर साधा स्पिनलॉक बरा. तुमचं वाचणं म्हणजे चाळीस नोंदींच्या हॅशमधली एखादी साखळी चालणं. त्यात लांबलचक काय आहे?

आरसीयूवाले बरोबर आहेत, पण कारण चुकीचं देताहेत. बहुधा ते तुम्हाला वेगाचं सांगत असतील. दहा गिगाबिटच्या लाइनवर सगळी पॅकेटं चौसष्ट बाइटांची आली तर सेकंदाला १.४८ कोटींच्या घरात येतात, म्हणजे एका पॅकेटला ६७ नॅनोसेकंद. तिथे दुसऱ्या कोअरकडून कॅशलाइन ओढून आणण्यातच मोठा वाटा खर्च होतो, लॉक परवडतच नाही. तुमची लाइन त्याच्या शंभराव्या हिश्शाची. पॅकेटमागे ६.७ मायक्रोसेकंद हातात आहेत. एवढ्यात स्पिनलॉक घेऊन, शोधून, मर्यादा बघून, लॉक सोडून वर वेळ उरेल. वेगासाठी तुम्हाला आरसीयू नको आहे.

तरी मी तुम्हाला आरसीयूच सांगेन, आणि ते हातातल्या पॉइंटरसाठी. नेटफिल्टरचा हुक मुळातच आरसीयूच्या आत चालतो. हुक बोलावणारा कोड आरसीयू_रीड_लॉक घेऊनच तुमच्याकडे येतो आणि तुमचं झाल्यावर सोडतो. म्हणजे तुम्ही दारातून आत आलेलेच आहात. नोंदी आरसीयूच्या पद्धतीने काढल्या तर तुमच्या लुकअपने परत दिलेला पॉइंटर हुक संपेपर्यंत आपोआप जिवंत राहतो. तीच ओळ, जिच्यावर मी अडले, ती आता बरोबर ठरते. स्पिनलॉकच ठेवायचा असेल तर पॉइंटर परत देऊ नका. मर्यादा बघून होईपर्यंत लॉक धरून ठेवा आणि फक्त ‘जाऊ दे’ किंवा ‘टाक’ एवढंच परत द्या. हेही सुरक्षित आहे आणि त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

स्पिनलॉक ठेवलात तर एक खड्डा टाळा. पॅकेट सॉफ्टआयआरक्यूमध्ये येतं, म्हणजे चालू प्रोसेसला मध्येच थांबवून त्याच कोअरवर चालणाऱ्या कामात. कॉन्फिगवाला प्रोसेसच्या संदर्भात साधा स्पिन_लॉक घेऊन बसलाय आणि त्याच कोअरवर सॉफ्टआयआरक्यू येऊन तोच लॉक मागायला लागला, तर तो जन्मभर फिरत राहील, कारण ज्याने सोडायचा तो त्याच्याच खाली दबलाय. म्हणून प्रोसेसच्या बाजूला स्पिन_लॉक_बीएच, तो धरलेला असेपर्यंत त्या कोअरवर सॉफ्टआयआरक्यू चालत नाही. आणि उद्या कुणी हाच कोड लोकल-आउटच्या (बॉक्समध्येच जन्मलेल्या पॅकेटांच्या) हुकवर नेला तर लक्षात ठेवा, ती पॅकेटं बऱ्याचदा प्रोसेसच्याच संदर्भात निघतात. ‘हुक आहे म्हणजे सॉफ्टआयआरक्यूच’ हे तिथे खोटं ठरतं. मी हुकमध्येही बीएचवालाच लिहिते.

आरसीयू घेतल्यावर लिहिणाऱ्यांचा लॉक सुटत नाही, हे विसरू नका. दोन कॉन्फिगवाले एकाच वेळी टेबलात हात घालतील त्यांच्यामध्ये आरसीयू पडत नाही, तिथे आपला म्युटेक्स (मिळेपर्यंत झोपवणारा लॉक) किंवा स्पिनलॉक हवाच. नोंदीतली दोन क्षेत्रं एकमेकांशी बांधलेली असतील, समजा मर्यादेचा आकडा आणि तिचं एकक, तर जागच्या जागी बदलू नका. वाचणाऱ्याला एक नवं आणि एक जुनं दिसेल. नवी प्रत करा, भरा आणि मग एका झटक्यात जुनीच्या जागी बसवा.

आणखी एक, जे पुस्तकात फारसं ठळक लिहिलेलं नसतं. इतकं सगळं करून तुम्ही प्रत्येक पॅकेटला नोंदीतल्या एकाच काउंटरमध्ये बाइट मिळवत बसलात तर ती कॅशलाइन पुन्हा चारी कोअरांत फिरायला लागली. दाराचं कुलूप काढलं आणि आत वहीवर सही करायला रांग लावली. मोजणी प्रत्येक कोअरची वेगळी ठेवा आणि विचारेल तेव्हा बेरीज करा. मर्यादेचं मात्र तसं करता येणार नाही. उरलेला कोटा सगळ्यांना एकच दिसायला हवा, म्हणून नोंदीच्या आतच एक छोटा स्पिनलॉक ठेवा. तो त्या एका ग्राहकापुरता, टेबलाला त्याच्याशी घेणंदेणं नाही.

प्रश्न: ताई, नाव देऊन नेटवर्क डिव्हाइस शोधायची तीन फंक्शनं दिसतात. एकाच्या मागे आरसीयू, एकाच्या पुढे दोन अंडरस्कोर, एक साधं. तिन्ही चालतात. तुम्ही कुठलं वापरता? (एक वाचक, इंदूर)

उत्तर: ‘तिन्ही चालतात’ यावर मी एकदा पावणेचार वाजता पहाटे रडले आहे, तेव्हा जरा सावकाश सांगते.

साधं डेव्ह_गेट_बाय_नेम तुमच्या नावावर एक रेफरन्स घेऊन डिव्हाइस देतं. हे पुस्तक घरी नेण्यासारखं आहे. शिक्का मारून नेलं, आता परत करणं तुमच्यावर, म्हणजे डेव्ह_पुट. कुठूनही बोलावता येतं. डेव्ह_गेट_बाय_नेम_आरसीयू शिक्का मारत नाही. तुम्ही आरसीयू_रीड_लॉकच्या आत असाल तोवर डिव्हाइस टिकेल, बाहेर पडलात की तो पॉइंटर विसरायचा. आणि दोन अंडरस्कोरवालं __डेव्ह_गेट_बाय_नेम आरटीएनएल धरून बोलवायचं. आरटीएनएल हा डिव्हाइसांच्या मांडणीवरचा मोठा म्युटेक्स. तो धरलेला असेपर्यंत कुणी डिव्हाइस काढू शकत नाही, म्हणून तिथेही शिक्का नाही. पूर्वी या यादीवर डेव्ह_बेस_लॉक नावाचा एक रीड-राइट लॉकही होता. तो २०२४ मध्ये काढून टाकला, त्यामुळे जुन्या लेखांत तो दिसला तर गोंधळू नका.

म्हणजे तुमचं काम कुठे चाललंय त्यावरून निवड आपोआप होते. पॅकेटच्या वाटेवर असाल तर आरसीयूवालं, कारण तिथे आरटीएनएल घेताच येत नाही. म्युटेक्स झोपतो, सॉफ्टआयआरक्यूला झोपता येत नाही. कॉन्फिगच्या वाटेवर, आरटीएनएल आधीच हातात असेल तर अंडरस्कोरवालं. ड्रायव्हरच्या ओपन-क्लोजसारख्या फंक्शनांत कर्नल आरटीएनएल घेऊनच येतो, तिथे पुन्हा आरटीएनएल_लॉक म्हटलंत तर स्वतःचीच वाट बघत बसाल. आणि डिव्हाइस जवळ बाळगायचं असेल तर साधं.

आता पहाटेची गोष्ट. आम्ही बनवलेल्या एका बॉक्समध्ये मॉड्यूल सुरू होताना आरटीएनएल धरून अंडरस्कोरवाल्याने पीपीपी० (मोडेमच्या लाइनचं डिव्हाइस) शोधलं, पॉइंटर आपल्या स्ट्रक्टमध्ये ठेवला आणि आरटीएनएल सोडला. कोड मीच लिहिला होता. कार्यालयातल्या टेबलावर आठ महिने काही झालं नाही. टेबलावर लाइन कधी तुटतच नव्हती. एका कारखान्यात पहाटे मोडेमची लाइन तुटली, ती लाइन चालवणारा पीपीपीडी बंद पडला, पीपीपी० गेलं, आणि पुढचं पॅकेट पाठवताना कर्नल कोसळला. फोनवरचा रात्रपाळीचा माणूस फार सभ्य होता. ‘बेन, लाल दिवो छे,’ एवढंच म्हणाला.

मी घाईघाईने दुरुस्ती केली: डेव्ह_होल्ड टाकला, म्हणजे रेफरन्स घेतला. कोसळणं थांबलं. पण आता लाइन तुटली की लॉगमध्ये दर दहा सेकंदांनी एकच ओळ: ‘अनरजिस्टर_नेटडिव्हाइस: वेटिंग फॉर पीपीपी० टू बिकम फ्री. यूसेज काउंट = १’. डिव्हाइस जायला निघालंय आणि मी त्याचा पदर धरून ठेवलाय. आणि तो काढणारा कोड अडकून पडला की त्याच्या मागे इतर कामंही अडतात, डिव्हाइसांची यादी दाखवणारी साधी आयपी लिंक ही आज्ञासुद्धा हलली नाही. आधीचा रोग बरा म्हणायची वेळ.

खरी दुरुस्ती अशी की रेफरन्स घ्या आणि सोडायची वेळ कळवणाराही नेमा. रजिस्टर_नेटडिव्हाइस_नोटिफायर लावायचा. ‘नेटडेव्ह_अनरजिस्टर’ची खबर आली की पॉइंटर आपल्या स्ट्रक्टमधून काढायचा, चालू पॅकेटं निघून जायला सिंक्रोनाइझ_नेट करायचं आणि मग डेव्ह_पुट. लाइन पुन्हा आली की ‘नेटडेव्ह_रजिस्टर’च्या खबरेवर पुन्हा शोधायचं. नवीन कोड लिहीत असाल तर डेव्ह_होल्डऐवजी नेटडेव्ह_होल्ड वापरा. त्यात ट्रॅकर द्यायचा असतो, आणि ट्रॅकरचं कॉन्फिग चालू केलं की कुणी कुठल्या ओळीवर रेफरन्स घेऊन विसरला ते कळतं. मला तेव्हा ते नव्हतं. मी सगळ्या होल्ड आणि पुटसमोर वहीत फुल्या मारत बसले होते.

आणि नावावरून शोधताना नावाला फार मान देऊ नका. नाव बदलता येतं, आणि तेच नाव दुसऱ्या नेटवर्क नेमस्पेसमध्ये दुसऱ्याच डिव्हाइसचं असतं. पहिला आर्ग्युमेंट ‘नेट’ आहे तो यासाठीच. तिथे डोळे मिटून इनिट_नेट (मशीनची मूळ नेमस्पेस) टाकू नका, मी बऱ्याच कोडमध्ये तसं बघते.

प्रश्न: काकू, मी ग्वाल्हेरला इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाला आहे. प्रोजेक्टमध्ये कनेक्शनची यादी आरहॅशटेबलात (कर्नलचं तयार हॅश टेबल) ठेवली आहे. आरहॅशटेबल_लुकअप_फास्टने शोधतो, लगेच रेफकाउंट_इंक करतो, म्हणजे वापरणाऱ्यांची मोजणी एकाने वाढवतो, काम झाल्यावर कमी करतो. आरसीयू ते फंक्शन स्वतःच घेतं. तरी लोड दिला की ‘रेफकाउंट_टी: ॲडिशन ऑन झिरो, यूज-आफ्टर-फ्री’ असं येतं. शोधल्या शोधल्या लगेच वाढवतो, आणखी किती लवकर वाढवू?

उत्तर: बेटा, लवकरचा काही उपयोग नाही. तू दोन ठिकाणी मार खातोयस आणि दोन्ही सांगते.

पहिलं: लुकअप_फास्ट आरसीयू स्वतः घेतं हे खरं, पण स्वतःच सोडतंही. तुझ्या हातात पॉइंटर येतो तेव्हा तू दाराबाहेर आहेस. त्या फंक्शनच्या वरच्या टिप्पणीत स्पष्ट लिहिलंय की वस्तू जाणार नाही याची दुसरी काही हमी असेल तरच हे वापरा. नाव वाचतात, टिप्पणी कुणी वाचत नाही. तू स्वतः आरसीयू_रीड_लॉक घे, आत आरहॅशटेबल_लुकअप कर, रेफरन्सही आतच घे, मग बाहेर ये.

दुसरं: आत राहूनसुद्धा रेफकाउंट_इंक चालणार नाही. तू नोंद बघितलीस तेव्हा कदाचित शेवटच्या माणसाने मोजणी शून्यावर आणलेली आहे, रद्दीचा शिक्का बसलेला आहे, फक्त मेमरी अजून मोकळी झालेली नाही. शून्यावरून एक करून मेलेलं जिवंत होत नाही. कर्नलने तुला बरोबर तेच सांगितलं, आणि ते सांगणारा रेफकाउंट_टी २०१७ मध्ये आला म्हणून सांगितलं. त्याआधीचा साधा ॲटॉमिक काउंटर गुपचूप एक झाला असता. वापर रेफकाउंट_इंक_नॉट_झिरो. खोटं आलं तर नोंद सापडलीच नाही असं समज आणि पुढे जा.

आणि शेवटच्या पुटमध्ये मोजणी शून्य झाली म्हणून सरळ केफ्री करू नकोस. दुसरा कुणी आरसीयूच्या आत ती मोजणीच वाचत असेल, शून्य आहे का ते बघायला. ज्या कागदावर ‘रद्द’ लिहिलंय तो कागद तरी वाचणाऱ्याच्या हातात टिकला पाहिजे. आधी टेबलातून काढ, मग टेबलाचा रेफरन्स सोड, शून्यावर आल्यावर केफ्री_आरसीयू.

तू कनेक्शनांचंच करतोयस तर टीसीपी काय करतं ते एकदा वाच, फार गोड आहे. वेब सर्व्हरवर सॉकेटं क्षणाक्षणाला जन्मतात आणि जातात. प्रत्येक सॉकेटच्या मेमरीला आरसीयूची वाट बघायला लावलं तर गरम कॅशमधली मेमरी थंड होते आणि ढीग साचतो. म्हणून एरिक डुमाझे यांनी २००८ च्या अखेरीस वेगळी युक्ती आणली. सॉकेटची मेमरी लगेच दुसऱ्या सॉकेटला देता येते, फक्त ती सॉकेटचीच राहते, दुसऱ्या कशाला जात नाही. मांडणीतल्या त्याच खणात आता दुसरं पुस्तक असेल, पण पुस्तकच असेल, भाजीची पिशवी नसेल. मग शोधणारा काय करतो? सापडलं की इंक_नॉट_झिरो, आणि त्यानंतर पत्ते आणि पोर्ट पुन्हा ताडून बघतो. शिक्का मारून झाल्यावर मुखपृष्ठ वाचायचं. दुसरंच निघालं तर परत ठेवून पहिल्यापासून शोधायचं. आणि साखळी चालता चालता सॉकेट दुसऱ्या साखळीत गेलं तर? म्हणून साखळीच्या टोकाला साधा नल नसतो, तिथे त्या बकेटचा क्रमांक लिहिलेला असतो. टोकाला भलताच क्रमांक दिसला म्हणजे मध्येच रूळ बदलला, पुन्हा सुरुवात.

हे प्रोजेक्टमध्ये टाकू नकोस मात्र. परीक्षक विचारतील आणि तुला केफ्री_आरसीयू पुरेसा आहे.

प्रश्न: आरसीयूच्या आत यादी फिरवत प्रत्येक नोंद कॉपी_टू_यूजरने बाहेर, म्हणजे कर्नलमधून प्रोग्रामच्या मेमरीत, देते. बहुतेक वेळा चालतं, कधीतरी ‘स्लीपिंग फंक्शन कॉल्ड फ्रॉम इनव्हॅलिड कॉन्टेक्स्ट’ येतं. आणि मॉड्यूल काढताना एकदा मशीनच अडकलं. (एक वाचक, वडोदरा)

उत्तर: कॉपी_टू_यूजरला पान मेमरीत नसलं तर झोपावं लागतं, आणि आरसीयूच्या आत झोपणं म्हणजे मांडण्यांमध्ये खुर्ची टाकून डुलकी काढणं. कारकून बाहेर ताटकळत राहतो. नोंदी आधी तुमच्या बफरमध्ये उतरवा, बाहेर या, मग कॉपी करा. किंवा हे फिरणं कॉन्फिगच्या म्युटेक्सखाली करा, यादी दाखवायला कुणी सेकंदाला लाखदा मागत नाही.

मॉड्यूलचं: तुम्ही कॉल_आरसीयूला (जुने वाचणारे गेले की दिलेलं फंक्शन बोलावणारं) तुमचंच फंक्शन, म्हणजे कॉलबॅक, दिलेलं असणार. मॉड्यूल गेलं, फंक्शन गेलं, आणि उरलेली कॉलबॅक रिकाम्या जागेत उडी मारते. बाहेर पडताना नवीन कॉलबॅक यायचं आधी थांबवा आणि मग आरसीयू_बॅरियर. सिंक्रोनाइझ_आरसीयू पुरत नाही. ते वाचणाऱ्यांची वाट बघतं, रांगेतल्या कॉलबॅकची नाही.

‘कधीतरी येतं’ यावर समाधान मानू नका, ते नेहमी यावं अशी सोय करा. तपासणीच्या कर्नलमध्ये प्रूव्ह_लॉकिंग, प्रूव्ह_आरसीयू, डीबग_ॲटॉमिक_स्लीप आणि कासान (सोडून दिलेल्या मेमरीचा वापर पकडणारं) चालू ठेवा. प्रूव्ह_लॉकिंगमागचा लॉकडेप २००६ पासून कर्नलमध्ये आहे, आणि तो अडकण्याची वाट बघत नाही. दोन लॉक उलट्या क्रमाने एकदा घेतलेले दिसले की बोलतो. टेबलावरच्या मशीनवर मी ते चारही कधी बंद करत नाही. बूट व्हायला वेळ लागतो, तेवढ्यात खाली जाऊन सेव-उसळ बांधून आणता येते.